बारा सारखे शर्ट

ही वही मुलीची आहे, तिच्या गणिताची. मागची पानं कोरी होती म्हणून मी घेतली. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, कुठे ऱ्हस्व कुठे दीर्घ ते मला अजून कळत नाही, आणि अक्षर असं की मी लिहिलेली सामानाची यादी बकालेवाला, म्हणजे इथला वाणी, मलाच वाचून दाखवायला सांगतो. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर मापं आणि सही सोडून फार काही लिहिलं नाही. ज्याच्या हाती ही वही लागेल त्याने तेवढं सांभाळून घ्यावं. लिहायचं कारण एवढंच की मला बोलायला जमत नाही. हा सगळा काळ माझे हात एका जागी राहत नव्हते. शिवलेलं उसवत होते, उसवलेलं परत शिवत होते. आता लिहून बघते, थांबतात का.

आम्ही इकडे आखातात, उम्म सलाल मोहम्मदला एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. मुलीचे अब्बा एसीच्या कामावर फोरमन आहेत. आम्ही रत्नागिरीकडचे. शहरातल्या नजमा भागातल्या एका शिलाईच्या दुकानातून मला घरी काम येतं, अबायाची, म्हणजे इकडच्या बायकांच्या काळ्या झग्याची, खालची घडी, पडदे, युनिफॉर्म. दुकानातले मास्तर आठवड्यातून एकदा पिशव्या पाठवतात आणि घेऊन जातात. मला ते बरं पडतं. कुणाशी बोलावं लागत नाही.

मागच्या जानेवारीत मास्तरांचा फोन आला. म्हणाले, इंग्लंडहून टीव्हीच्या मालिकेवाले आले आहेत, वाळवंटात शूटिंग आहे, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, कपडे जुन्या पद्धतीचे हवेत. हाताची काजं करणारी बाई पाहिजे.

"त्यांची मॅडम स्वतः बघायला येणार आहे," मास्तर म्हणाले. "घाबरू नको. ती पण शिवणकामवालीच आहे."

मी घाबरलेच. दोन वेळा फरशी पुसली. मॅडम आली ती उंच, पन्नाशीच्या पुढची, केस पांढरे, गळ्यात मापाची टेप आणि मनगटावर टाचण्यांची छोटी गादी बांधलेली. शुक्रवारची सुट्टी होती म्हणून मुलगी घरी होती. ती पंधरा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती निम्मं इंग्रजीत उत्तर देते, त्यामुळे त्या दिवशी ती आमची दुभाषी झाली. मॅडमने माझं एक काज घेतलं, उलटं केलं, आणि मागची बाजू बघितली. माझ्या आयुष्यात कुणी काजाची मागची बाजू बघितली नव्हती.

काम बारा शर्टांचं होतं. बाराही अगदी सारखे, जाड सुती कापडाचे, उभ्या कॉलरचे. मी मुलीला म्हटलं, विचार गो, बारा माणसं एकसारखे कपडे घालणार आहेत काय.

"नो अम्मी," मुलगी मॅडमचं ऐकून म्हणाली. "एकच माणूस आहे. पण गोष्टीत त्याचा शर्ट आधी नवा असतो, मग मळतो, मग फाटतो, मग भिजतो. आणि शूटिंग उलटसुलट होतं. आज फाटलेला, उद्या नवा. त्याच्याऐवजी उडी मारणाऱ्या माणसाला पण सेम शर्ट लागतो."

मॅडमने नमुन्याला एक शर्ट ठेवून दिला आणि गेली. आणि मग मी जी चूक केली ती अजून आठवली की माझे कान गरम होतात.

तो शर्ट मळलेला होता. कॉलरला घामाचे पिवळे पट्टे, कोपर झिजलेलं, खांद्याला फाटून दोरे लोंबलेले. मला वाटलं, एवढ्या लांबून आलेली बाई, हॉटेलात राहते, तिला धुवायला कुठे वेळ. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं आपण घासूनच परत देतो, आणि रिकामं देत नाही. मी शर्ट रात्रभर भिजवला. डाग हट्टी होते, दोनदा साबण लावला. मग कोपराला आणि खांद्याला असा रफू केला की फाटलेलं कुठे होतं ते मलाच सापडेना. नीळ घातली, कडक इस्त्री केली, आणि डब्यात तांदळाची घावनं भरून दोन्ही वस्तू तिच्यासाठी तयार ठेवल्या.

गुरुवारी संध्याकाळी मॅडम आली. शर्ट उलगडला. तिची मान खालून वर लाल होत गेली. ती खुर्चीवर बसली. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी फरशीकडे.

मग मॅडमने फोनवर एक फोटो दाखवला. तिच्याच टेबलावर तोच शर्ट, बाजूला चहाचं भांडं, घासायचा कागद, आणि स्वयंपाकघरातली किसणी. मुलीने हळू आवाजात सांगितलं, "अम्मी, ती घाण त्यांनी स्वतः केली होती. तीन आठवडे लागले. ते त्यांचं काम आहे."

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. पण मॅडमने मग शर्टाचा खांदा उजेडात धरला, रफूवरून अंगठा फिरवला, आणि एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. म्हणाली, हे मुलीने मला शब्दाला शब्द सांगितलं, "माझ्याकडे मळवणारे चांगले आहेत. असं बरं करणारं कुणी नाही."

पुढचे दोन दिवस ती सकाळपासून माझ्या घरी. मी कपडे स्वच्छ करत आलेली बाई, तिने मला मळवायला शिकवलं. चहाच्या पाण्यात कापड बुडवायचं. कोपर किसणीवर घासायचं, पण जिथे माणूस खरंच टेकतो तिथेच. खिशात दगड घालून शर्ट ओला टांगायचा म्हणजे खिसा ओघळतो. ती प्रत्येक शर्टाचा फोटो काढून वहीत चिकटवायची आणि फाटलेल्या जागेभोवती बारीक धाग्याने खूण करायची, दुसरा शर्टही तिथेच फाटावा म्हणून. एवढी मेहनत मी लग्नाच्या कपड्यावरही पाहिली नाही. मी आतल्या शिवणीला एकदा घाई केली तर तिने ती उसवायला लावली.

मी मुलीकरवी विचारलं, आतलं कॅमेऱ्याला कुठे दिसतं.

"कॅमेऱ्याला नाही दिसत," मॅडम म्हणाली. "घालणाऱ्याला कळतं. मग तो वेगळा उभा राहतो."

नंतर मास्तरांकडून मला कळलं की शर्टाला उशीर का झाला असं वरून विचारलं गेलं तेव्हा तिने माझं नाव घेतलं नाही. सांगितलं, माझी चूक. ही गोष्ट मला टोचत राहिली. माझी चूक कुणी आपल्या अंगावर घेतली असं आधी कधी झालं नव्हतं.

घासता घासता ती बोलायची. तिच्या आईच्या वयाच्या एका बाईने तिला हे शिकवलं होतं, तिला आणखी कुणी. तिकडे असे लोक खूप आहेत, म्हणायची. कुणी नुसते विग करतो, कुणी नुसती दारं रंगवून जुनी करतो, आणि जगभरचे लोक त्यांच्याकडे काम घेऊन येतात. मला वाटलं, मग ही खूप श्रीमंत असेल. मुलीला म्हटलं, विचार, पगार किती.

"अम्मी, असं नाही विचारत."

"मग कसं विचारतात?"

मुलीने काहीतरी फिरवून विचारलं. मॅडम हसली. मुलगी म्हणाली, "शी डझन्ट हॅव अ जॉब. म्हणजे तिला नोकरी नाही, कामं आहेत. एक संपलं की दुसरं मिळेपर्यंत काहीच नाही. मागच्या वर्षी सात महिने घरी होती."

सात महिने. आमच्याकडे यांचा पगार दहा दिवस उशिरा आला तर मी डाळ मोजून टाकते.

तिने आणखी एक सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं. ही मालिका इंग्रजांची, पण पैसा बराचसा अमेरिकेच्या एका कंपनीचा. आता तसंच चालतं, म्हणाली. तिकडच्या टीव्हीकडे स्वतःचा पैसा कमी झाला आहे. हात आमचे आणि पाकीट त्यांचं. तिने दोन्ही हात वर करून दाखवले, बोटांना चहाचे डाग.

फेब्रुवारीच्या शेवटी शेवटचे चार शर्ट द्यायला आम्ही लुसैलला गेलो. तिथे एका टॉवरमध्ये त्यांचं ऑफिस होतं. यांनी गाडी खाली लावली, मी आणि मुलगी वर गेलो. दार उघडं, आत टेबलं भिंतीला लावलेली, भिंतीवरचे कागद अर्धे फाडलेले. एक माणूस खुर्च्या मोजत होता. म्हणाला, "खलास. क्लोज्ड." अमेरिकेच्या कंपनीने पैसा काढून घेतला होता. अर्धी गोष्ट झाली होती, अर्धी व्हायची होती, आणि सगळ्यांना विमानाची तिकिटं देऊन परत पाठवत होते. मी शर्टांची पिशवी छातीशी धरून उभी राहिले. कुणाला द्यायची ते सांगायला कुणी नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मॅडम घरी आली. तिने माझे बाराशे रियाल रोख माझ्या हातात दिले, मोजून. मी चार शर्ट दिले. मी चहा ठेवला तोवर तिचा फोन वाजला आणि तिची मान परत लाल होत गेली, शर्टाच्या वेळी झाली तशीच.

फोन ठेवल्यावर ती मुलीशी बोलली, माझ्याशी नाही. बरेचसे कपडे तिने लंडनच्या एका दुकानातून भाड्याने आणले होते, स्वतःच्या सहीवर. अकरा पेट्या. त्या कार्गोवाल्याच्या गोदामात अडकल्या होत्या. कंपनीने पैसे भरले नव्हते, फोन उचलत नव्हती, आणि गोदामाचं भाडं रोज वाढत होतं. पेट्या पोहोचल्या नाहीत तर लंडनचं दुकान तिलाच धरणार. मग तिला पुढचं काम कोण देणार. आणि तिच्या कार्डात आता काही उरलं नव्हतं, कारण मास्तरांचे, माझे, आणखी दोन शिंप्यांचे पैसे तिने कंपनीची वाट न बघता स्वतः दिले होते.

"किती कमी पडतात?" मी मुलीला विचारलं.

"साडेचार हजार. अम्मी, का?"

कपाटात यांच्या ओव्हरटाइमचे तेहतीसशे रियाल होते. मुलीच्या दहावीची फी. भरायची सप्टेंबरात होती, पण हातात राहिले तर खर्च होतील म्हणून यांनी आधीच माझ्याकडे ठेवले होते. ती फी भरल्याशिवाय बोर्डाच्या परीक्षेला नाव जात नाही. आणि माझे बाराशे आत्ताच मिळालेले. मी दोन्ही एकत्र केले. ते बरोबर साडेचार हजार झाले म्हणून मी दिले असं नाही. पण ते कमी पडले असते तर मला बरं वाटलं असतं, हे खरं.

मुलगी माझ्या मागे आत आली होती. "दॅट्स माय फी," ती म्हणाली. मग सगळं मराठीत म्हणाली, म्हणजे तिला खरंच काळजी वाटली. "अब्बांना काय सांगणार?"

"सप्टेंबरला वेळ आहे," मी म्हटलं.

मॅडम नको नको करत उभी राहिली. मला इंग्रजी येत नाही, पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "टेक. आफ्टर, गिव्ह." आणि मी पाकीट तिच्या पिशवीत शर्टांच्या घडीखाली सरकवलं. कागद नाही, सही नाही. ती गेल्यावर मी टेबल पुसलं, पुसलेलं परत पुसलं.

मार्च गेला, एप्रिल गेला. पेट्या पोहोचल्याचा निरोप आला, पैशाचा नाही. मुलीच्या फोनवर निरोप यायचे, मी तिच्या तोंडाकडे बघायची. दर वेळी कुलूप लावल्यासारखं कपाटाचं दार दाबून बघायची, आत काही नसताना. माझ्या मनात शंका आली नाही असं मी लिहिणार नाही. मी तिला दोन वेळा चोर ठरवलं आणि दोन वेळा स्वतःला शिव्या दिल्या. मुलगी म्हणायची, मी विचारू का. मी म्हणायची, नको. मागण्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

मेमध्ये हजार रियाल आले. निरोप असा की ती एका मोठ्या दुकानात फळ्यांवर माल लावते, पहाटेची पाळी. ऑगस्टमध्ये आठशे आले. आता ती लग्नाचे कपडे घट्ट-सैल करून देते. तिच्याबरोबरचा विगवाला गाडी चालवायला लागला, दारं रंगवणारा घरं रंगवतो. नवीन मालिका निघतच नाहीत, म्हणाली. ज्या निघतात त्या दुसऱ्या देशात, जिथे सरकार जास्त सूट देतं तिथे जातात. मी त्या किसणीवाल्या बोटांचा विचार केला. त्या बोटांनी दुकानात डबे लावले होते.

ते पैसे घ्यायला नजमातल्या मनी एक्सचेंजला स्वतः जावं लागायचं, कारण माझ्या नावावर यायचे. मी बसने जायची. काचेमागचा क्लार्क हिंदीत विचारायचा, "भेजनेवाली कौन है आपकी?" मी दोन्ही वेळा म्हटलं, पहचान की है. तो वर बघायचा. इंग्रज बाई, उम्म सलालची शिंपीण, कसली पहचान.

सप्टेंबर आला. कपाटात अठराशे होते, तेहतीसशे हवे होते. शाळेचा कागद आला. हे जेवायला बसले होते, शुक्रवारची दुपार.

"फी भरली काय गो?"

"भरते."

"भरते म्हणजे? येत्या गुरुवारी शेवटचा दिवस."

मुलगी ताटात बघत होती. मी सांगितलं. शर्टापासून सांगितलं, कारण मधूनच सांगितलं तर मी पैसे का दिले ते कळलंच नसतं. हे जेवायचे थांबले. मला वाटलं ताट सरकवतील. त्यांनी पाणी प्यायलं.

"दोनशे वर्षं त्यांनी आपल्याकडून घेतलं," हे म्हणाले. "वरून तू आणखी दिलंस."

मुलगी फिसकन हसली. मला हसू आलं नाही. हे पण हसत नव्हते. रागाने त्यांचा आवाज बारीक होतो.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"म्हटलं असतं," ते म्हणाले. "बरोबर म्हटलं असतं."

उरलेल्या पंधराशेंची त्यांनी कंपनीतून उचल घेतली, दर महिन्याला पगारातून कापून घ्यायच्या बोलीवर. फी भरली गेली. बोर्डाला नाव गेलं. पण त्यानंतर दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवर ते बोट ठेवायचे. "हे बघ. तुझ्या राणीचा हप्ता मी भरतोय. काय म्हणते राणी?" शेजारच्या खोलीतल्यांसमोर पण म्हणायचे. मी परत शिवायला बसायची आणि सरळ शिवण तिरकी जायची.

ऑक्टोबरात मॅडमचा निरोप आला की एक काम मिळालंय, पाच आठवडे, एका रुग्णालयातली गोष्ट, सगळ्यांचे कपडे एकसारखे हिरवे. तिने एक फोटो पाठवला होता, हिरव्या कपड्याच्या आतल्या शिवणीचा. बाकी काही लिहिलं नव्हतं. मी तो मोठा करून बघितला. शिवण सरळ होती.

मी मुलीला विचारायला लावलं, आपल्या मालिकेचं काय झालं. उत्तर आलं, काही नाही. झालेला अर्धा भाग कुठेतरी ठेवून दिलाय. कुणी दाखवणार नाही. बारा शर्ट त्या लंडनच्या दुकानाने घेतले, दुसऱ्या कुठल्या गोष्टीला भाड्याने देतील. म्हणजे माझी काजं कुठेतरी टांगलेली आहेत.

डिसेंबरात सत्तावीसशे आले. थंडी पडली होती. मी बसमधून उतरून चालत गेले, रांगेत माझ्यापुढे सगळी पैसे पाठवणारी माणसं, पैसे घ्यायला आलेली मी एकटी. तोच क्लार्क होता.

"भेजनेवाली कौन है आपकी?"

"साथ में काम किया है," मी म्हटलं.

त्याने तसं लिहिलं की नाही मला दिसलं नाही. त्याने नोटा दोनदा मशीनमध्ये टाकल्या.

घरी येऊन मी हे कामावरून यायची वाट बघितली नाही असं नाही, दोन वेळा दारात जाऊन आले. ते आले, बूट काढले. मी पंधराशे त्यांच्या हातात दिले. त्यांनी मोजले. मग माझ्याकडे बघितलं आणि परत मोजले.

"सगळे?"

"सगळे. माझे बाराशे वेगळे आहेत."

"राणीने व्याज नाही दिलं," ते म्हणाले. नोटा खिशात घातल्या, आणि तशाच परत बाहेर काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. "तुझ्याकडेच ठेव. उचलीचे हप्ते यातूनच देऊ. पण या वेळी कुणाला दिलेस तर आधी सांग."

मी त्या कपाटात ठेवल्या आणि दार लावलं. पैसे पूर्ण आले होते.